पेत्रुश्कापासून सुरुवात करा : विसाव्या शतकाच्या आरंभीचे आधुनिक बॅले कसे ऐकावेत, कसे पाहावेत

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत बॅले आणि संगीत यांनी मिळून जे नवे रूप धारण केले, त्याकडे बहुतेक नवखे लोक एकाच वाटेने येतात. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेच्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांनी गोंधळ घातला, ही हकिगत कुठेतरी वाचनात येते. मग कुतूहलाने ध्वनिमुद्रण लावले जाते, पाच-सात मिनिटे कानांवर आदळणारे ठोके ऐकून हे आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष निघतो आणि विषय तिथेच संपतो. माझ्या मते ही वाट चुकीच्या टोकाकडून सुरू होते. या लेखात एक वेगळा क्रम सुचवला आहे. या बॅलेंमध्ये जे नवे घडले ते मुख्यतः पावलांच्या वजनात आणि ठोक्यांच्या जागेत घडले, अशी या क्रमामागची धारणा आहे. ते ओळखण्यासाठी पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येण्याची गरज नाही. हातावर मात्रा मोजता आल्या की पुरे.

तयारी

तयारी थोडीच लागते. चांगला हेडफोन घ्यावा, कारण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून मोठा ड्रम, ट्यूबा आणि डबल बास जवळजवळ ऐकूच येत नाहीत आणि या संगीताचा निम्मा जोर तिथेच असतो. प्रत्येक कृतीसाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधाव्यात : संपूर्ण संगीताचे एक ध्वनिमुद्रण आणि नृत्याचे एक चित्रीकरण. आधी फक्त ऐकावे, मग पाहावे आणि नंतर पुन्हा एकदा डोळे मिटून ऐकावे. कथानक मात्र आधीच वाचून ठेवावे. या बॅलेंच्या कथा चार ओळींत मावतात, त्यांत कोणतेही रहस्य राखून ठेवायचे नसते आणि ‘आता काय चालले आहे’ या शोधात अडकलेले लक्ष नृत्याकडे जात नाही.

एक वही जवळ ठेवावी आणि प्रत्येक बॅलेसाठी चार नावे टिपावीत : संगीतकार, नृत्यरचनाकार, नेपथ्य व वेशभूषा करणारा चित्रकार आणि आपण पाहत असलेली नृत्यसंस्था. एकाच संगीतावर पुढे अनेकांनी वेगवेगळी नृत्ये बसवली आहेत, त्यामुळे ही सवय नसेल तर आपण १९१३ चे नृत्य पाहतो आहोत की १९७५ चे, हेच कळत नाही.

पहिली पायरी : जे मोडले गेले ते आधी पाहणे

सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात १८९० मध्ये रंगभूमीवर आलेला ‘द स्लीपिंग ब्यूटी’ यासाठी उत्तम आहे. संगीत चायकोव्हस्कीचे आणि नृत्यरचना मारियस पेतिपाची. कोणत्या प्रसंगाला किती लांबीचे, कोणत्या गतीचे आणि कोणत्या भावाचे संगीत हवे, याची सविस्तर यादी पेतिपाने संगीतकाराला लिहून दिली होती. संपूर्ण बॅले पाहण्याची घाई नाही. पहिल्या अंकातील ‘गार्लंड वॉल्ट्झ’ आणि ‘रोज अडाजिओ’ एवढे दोन भाग पुरे आहेत.

वॉल्ट्झच्या वेळी तीन मात्रांचे आवर्तन हातावर धरावे. चार-चार किंवा आठ-आठ आवर्तनांनी संगीताचे वाक्य पुरे होते आणि नर्तकांची हालचालही बहुधा तिथेच पुरी होते, असे लक्षात येईल. ‘रोज अडाजिओ’ पाहताना नजर पायांवर ठेवावी. पाय कंबरेपासून बाहेरच्या बाजूला वळलेले असतात, नर्तकी चवड्यांच्या टोकावर उभी राहते, शरीराला वजन नसल्याचा भास निर्माण केला जातो आणि समूह सममितीने मांडलेला असतो. बाहेर वळलेले पाय, वजनाचा लोप, सममिती आणि सम लांबीची संगीतवाक्ये, या गोष्टी लक्षात राहिल्या की पुढच्या वीस वर्षांत नेमके काय बदलले ते कोणी न सांगताही दिसू लागते.

दुसरी पायरी : दियागिलेव्हची मंडळी ओळखणे

या काळातील बहुतेक महत्त्वाच्या कृतींच्या मागे एकच माणूस उभा आहे आणि तो नर्तक नव्हता, चित्रकार नव्हता, संगीतकार होण्याचा त्याचा प्रयत्नही फसलेला होता. सेर्गेई दियागिलेव्हचा जन्म १८७२ चा. बेन्वा आणि बाक्स्त या चित्रकार मित्रांबरोबर त्याने सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘मीर इस्कुस्त्वा’ हे कलाविषयक नियतकालिक चालवले. पॅरिसमध्ये त्याने १९०६ साली रशियन चित्रांचे प्रदर्शन भरवले, पुढच्या वर्षी रशियन संगीताच्या मैफली केल्या, १९०८ मध्ये गायक शाल्यापिनला घेऊन ‘बोरिस गोदुनोव्ह’ हा ऑपेरा सादर केला आणि १९०९ च्या मे महिन्यात शातले नाट्यगृहात पहिला बॅले-हंगाम उभा केला. सुरुवातीला त्याचे नर्तक झारच्या नाट्यगृहांतून सुट्टीच्या काळात येत असत. कायमची मंडळी १९११ मध्ये झाली. ‘बॅले रूस’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था दियागिलेव्ह १९२९ साली व्हेनिसमध्ये मरण पावेपर्यंत चालली आणि या वीस वर्षांत तिचा एकही प्रयोग रशियात झाला नाही.

सुरुवातीच्या हंगामांचे यश बऱ्याच अंशी बाक्स्तच्या भडक, ‘पौर्वात्य’ म्हणवल्या जाणाऱ्या रंगयोजनेवर उभे होते. १९१२ च्या ‘ल दियू ब्लू’ या बॅलेत मंडळीचा प्रमुख नर्तक निजिन्स्की निळ्या रंगात रंगून कृष्णासारखा दिसणारा देव झाला होता. त्यातला भारत पॅरिसच्या दिवाणखान्यांत कल्पिलेला आहे. वेशभूषेची चित्रे जरूर पाहावीत, पण ती कृती अभ्यासक्रमातून गाळली तरी काही बिघडत नाही. प्रत्यक्ष दुवा थोड्या वेगळ्या दिशेने जुळतो. दियागिलेव्हच्या पहिल्या हंगामात नाचलेल्या आना पाव्हलोव्हाने पुढे स्वतःची मंडळी काढली आणि १९२३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये राधा-कृष्णावरील नृत्य बसवण्यासाठी व त्यात तिच्याबरोबर नाचण्यासाठी तिने निवडलेला तरुण चित्रकलेचा विद्यार्थी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून विलायतेला गेलेला होता. तो म्हणजे उदय शंकर.

तिसरी पायरी : ‘फायरबर्ड’चा शेवट

‘फायरबर्ड’ २५ जून १९१० रोजी पॅरिस ऑपेरात रंगमंचावर आला. मिखाईल फोकीनच्या या बॅलेचे संगीत इगोर स्ट्राव्हिन्स्की नावाच्या, नुकतीच अठ्ठाविशी गाठलेल्या आणि पॅरिसला अनोळखी असलेल्या तरुणाने लिहिले होते. अग्निपक्ष्याची भूमिका तमारा कार्साविनाने केली. नवख्याने पूर्ण पाऊण तासाचे संगीत न ऐकता १९१९ चा ‘सुइट’, म्हणजे त्यातील निवडक भागांची मालिका, ऐकावा. तो त्याच्या जवळपास निम्म्या लांबीचा आहे.

त्यात दोन गोष्टी शोधाव्यात. माणसांसाठी असलेले संगीत लोकगीतासारखे सरळ, गुणगुणता येणारे आहे, तर पक्षी आणि राक्षस यांच्यासाठी निसरड्या, जवळजवळच्या स्वरांची वळणे आहेत. ही युक्ती स्ट्राव्हिन्स्कीने आपले गुरू रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्याकडून उचलली होती. दुसरी गोष्ट शेवटच्या भागात आहे. हॉर्न एक शांत धून सुरू करतो, ती हळूहळू साऱ्या वाद्यवृंदात पसरते आणि अखेरच्या टप्प्यात सात मात्रांची होते. रूपकाची सवय असलेल्या कानाला सात मात्रांचे नवल वाटणार नाही, परंतु पाश्चात्त्य बॅलेच्या प्रेक्षकाला १९१० मध्ये ते नवीन होते. येथे अजून मोडतोड नाही. दाराची कडी फक्त काढलेली आहे. म्हणून या पायरीवर फार रेंगाळू नये.

चौथी पायरी : ‘पेत्रुश्का’, दोनदा

माझ्या मते खरी सुरुवात इथे आहे. ‘पेत्रुश्का’चा पहिला प्रयोग १३ जून १९११ रोजी शातले नाट्यगृहात झाला, नृत्यरचना फोकीनची, नेपथ्य अलेक्सांद्र बेन्वाचे, वाद्यवृंदसंचालन पिएर माँतोचे आणि नायक वास्लाव्ह निजिन्स्की. लेंट म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळापूर्वीच्या दिवसांत सेंट पीटर्सबर्गच्या चौकात जत्रा भरली आहे. एक जादूगार तीन बाहुल्यांचा खेळ दाखवतो : पेत्रुश्का, नर्तकी आणि मूर (आफ्रिकी वंशाचा पुरुष). बाहुल्यांना भावना आहेत. पेत्रुश्काचे नर्तकीवर प्रेम आहे, तिला मूर आवडतो, मूर पेत्रुश्काला तलवारीने मारतो. जमाव हादरतो तेव्हा जादूगार भुशाने भरलेला बाहुला उचलून दाखवतो आणि सगळे पांगल्यावर पेत्रुश्काचे भूत खेळाच्या मांडवावर उभे राहून त्याला वाकुल्या दाखवते.

पहिल्या ऐकण्यात केवळ जत्रा ऐकावी. संगीताचे तुकडे एकमेकांत विरघळत नाहीत, ते कापून शेजारी शेजारी ठेवल्यासारखे येतात : गर्दीचा गोंगाट, मद्यपींचा घोळका, पेटीवाला, पुन्हा गर्दी. मध्येच एक ऑर्गन वाजवणारा आणि दुसऱ्या बाजूला संगीतपेटीवाला यांची चढाओढ लागते आणि दोन धून एकाच वेळी कानावर येतात. पाश्चात्त्य सिंफनीत एक कल्पना वाढत वाढत दुसरीपर्यंत पोहोचते. इथे वाढण्याऐवजी तुकडे बदलतात, परततात, एकमेकांवर चढतात. विसाव्या शतकातल्या पुष्कळ संगीताची रीत या पहिल्या दहा मिनिटांत सापडते.

चार दृश्यांच्या मध्ये ड्रमचा सलग खडखडाट आहे. त्यानंतर दुसरे दृश्य सुरू होते ते पेत्रुश्काच्या काळ्या कोठडीत. येथे दोन क्लॅरिनेट एकाच वेळी दोन वेगळ्या कॉर्डचे, म्हणजे स्वरगुच्छांचे, स्वर वाजवतात, सी मेजर आणि एफ शार्प मेजर. पियानो जवळ असेल तर डाव्या-उजव्या हातांनी ते स्वर दाबून पाहावेत : प्रत्येक कॉर्ड स्वतंत्रपणे अगदी सोज्वळ आहे, एकत्र आल्यावर मात्र दोघेही एकमेकांना बोचू लागतात. अर्धा माणूस आणि अर्धा बाहुला असलेल्या पात्रासाठी यापेक्षा नेमका स्वर सापडणे कठीण. या दृश्यात पियानोला इतके महत्त्व का आहे, याचे कारण असे की स्ट्राव्हिन्स्कीने हे संगीत आधी पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहायला घेतले होते. त्याचा बॅले करावा असे दियागिलेव्हने सुचवले.

आता चित्रीकरण पाहावे आणि पहिल्या पायरीवर शिकलेली नजर पुन्हा पायांवर आणावी. मूरचे पाय बाहेर वळलेले आहेत, त्याचे शरीर ऐसपैस पसरलेले आहे; पेत्रुश्काचे पाय, गुडघे आणि खांदे आत वळलेले आहेत. अभिजात बॅलेने शंभर वर्षे जी मुद्रा सौंदर्याचा पाया मानली ती येथे आत्मसंतुष्ट, उथळ पात्राला दिली आहे आणि ‘चुकीची’ मुद्रा नायकाला. फोकीनने हा निर्णय घेतला त्या क्षणी आधुनिक बॅले सुरू झाला असे कोणी म्हटले, तर मी वाद घालणार नाही.

ध्वनिमुद्रण निवडताना १९११ आणि १९४७ अशा दोन आवृत्त्या आढळतील. दुसरी छोट्या वाद्यवृंदासाठी आहे आणि अधिक कोरडी वाटते. पहिल्या प्रयोगाचे संचालन करणाऱ्या माँतोनेच १९५९ मध्ये बॉस्टन सिंफनीबरोबर केलेले ध्वनिमुद्रण आजही सहज मिळते. चित्रीकरणासाठी पॅरिस ऑपेरा बॅलेने ‘पेत्रुश्का’, ‘फॉन’ आणि ‘ले नोस’ यांचे एकत्रित केलेले प्रयोग शोधावेत. पुढच्या दोन पायऱ्यांनाही ते उपयोगी पडतात.

पाचवी पायरी : ‘फॉन’ आणि स्थिर राहण्याचे धाडस

क्लोद द्यबुसीचे ‘प्रेल्यूड टू द आफ्टरनून ऑफ अ फॉन’ हे दहा मिनिटांचे संगीत १८९४ मध्येच लिहून झाले होते. एकट्या फ्लूटची घरंगळणारी ओळ, मग शांतता, मग तीच ओळ नव्या प्रकाशात. ठोका कुठे पडतो हे मुद्दामच धूसर ठेवलेले. या वाहत्या संगीतावर निजिन्स्कीने १९१२ मध्ये आपली पहिली नृत्यरचना केली आणि ती अजिबात वाहती नव्हती. फॉन, म्हणजे पुराणकथेतील अर्धा माणूस आणि अर्धा बोकड, आणि वनदेवता प्राचीन ग्रीक भांड्यांवरील चित्रांप्रमाणे कडेच्या बाजूने, चपट्या हालचालींनी चालतात. टाच आधी टेकते, तळवे ताठ असतात. त्या काळचा सर्वांत उंच उडणारा नर्तक म्हणून गाजलेल्या माणसाने स्वतःसाठी संपूर्ण बॅलेत फक्त एक छोटी उडी ठेवली. शेवटच्या कामुक हालचालीवरून पॅरिसच्या वर्तमानपत्रांत वाद पेटला. ‘ल फिगारो’च्या संपादकाने निषेध केला आणि शिल्पकार रोदँचे नाव निजिन्स्कीच्या बाजूने पुढे आले. हा वाद बाजूला ठेवून एकच प्रयोग करावा : एकदा आवाज बंद करून नृत्य पाहावे आणि मग चित्र बंद करून संगीत ऐकावे. दोन्हींचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे आणि तरीही एकत्र आल्यावर ते का तुटत नाहीत, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्यापुरते शोधावे.

आपण पडद्यावर जे पाहतो ते कितपत मूळचे आहे, हा प्रश्न इथे येणारच. निजिन्स्की नाचत असल्याचे कोणतेही चित्रीकरण आज ज्ञात नाही. ‘पेत्रुश्का’ नर्तकांच्या पिढ्यांनी एकमेकांना शिकवत आणला. ‘फॉन’साठी निजिन्स्कीने स्वतः १९१५ मध्ये आपल्या चिन्हलिपीत संपूर्ण नृत्य लिहून ठेवले होते, ती लिपी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासकांनी उलगडली.

याच उन्हाळ्यात आलेल्या राव्हेलच्या ‘दाफ्नी ए क्लोए’ची नृत्यरचना विस्मृतीत गेली, संगीत मात्र टिकले. त्याचा दुसरा सुइट ऐकावा. पहाट उजाडण्याचे जे संगीत त्यात आहे त्याला तोड नाही, आणि शेवटच्या नृत्यात पाच मात्रा आहेत, ज्या नर्तकांना पेलेनात म्हणून ते ‘सेर-गेई-दिया-गि-लेव्ह’ असे मालकाचे नाव घोकत नाचत, अशी हकिगत सांगितली जाते.

सहावी पायरी : ‘द राइट ऑफ स्प्रिंग’, तुकड्यातुकड्यांनी

आता आपण त्या प्रसिद्ध संध्याकाळीकडे येऊ शकतो. कथा म्हणावी अशी नाही. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या रशियातील एक टोळी वसंताचे स्वागत करते, पृथ्वीची पूजा करते आणि निवडलेली एक तरुणी मरेपर्यंत नाचते. स्ट्राव्हिन्स्कीबरोबर हा आराखडा तयार करणारा आणि नेपथ्य-वेशभूषा करणारा निकोलाय रोरिख प्राचीन रशियाचा जाणकार चित्रकार होता. तोच पुढे कुलू खोऱ्यातील नग्गर येथे स्थायिक झाला आणि १९४७ मध्ये तिथेच वारला. मुंबईच्या ‘बॉम्बे टॉकीज’ची देविका राणी ही त्याची सून.

संपूर्ण संगीत सुमारे पस्तीस मिनिटांचे आहे. पहिल्या दिवशी केवळ पहिली पाच मिनिटे ऐकावीत. सुरुवात करणारे एकटे वाद्य म्हणजे ‘बासून’ हे फुंकवाद्य, परंतु ते आपल्या नेहमीच्या खर्जाऐवजी इतक्या वरच्या पट्टीत वाजते की ओळखू येत नाही. धून एका लिथुआनियन लोकगीताच्या संग्रहातून घेतलेली आहे. मग एकेक फुंकवाद्य आपापली ओळ घेऊन येते आणि कोणी कोणासाठी थांबत नाही.

त्यानंतर अचानक तंतुवाद्यांचे ठोके सुरू होतात. हा भाग नवख्यांना पळवून लावतो आणि म्हणून येथेच हाताने मोजायचे. ठोके समान अंतरावर पडतात. लय अजिबात बदलत नाही आणि एकच कॉर्ड पुन्हा पुन्हा वाजते. एक ते बत्तीस मोजावे. आठ हॉर्न ज्या ठोक्यांवर जोर देतात ते ठोके असे : १०, १२, १८, २१, २५ आणि ३०, त्यापुढचा जोर तेहतिसाव्यावर, म्हणजे नव्या मोजणीच्या पहिल्याच ठोक्यावर. हे आकडे कागदावर लिहून, साध्या ठोक्यांना बोट आणि जोराच्या ठोक्यांना टाळी असे दहा-बारा वेळा करावे. लय घड्याळासारखी स्थिर आहे, पण सम कुठे येईल याचा अंदाज प्रत्येक वेळी चुकतो. ज्याला लोक गोंगाट म्हणतात तो अतिशय काटेकोर हिशेब आहे, हे एकदा हाताला कळले की उरलेले संगीत भीतिदायक राहत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला भाग शेवटपर्यंत ऐकावा. सर्वांत मोठ्या गोंधळानंतर वाद्यवृंद एकदम थांबतो, वयोवृद्ध ऋषी वाकून पृथ्वीचे चुंबन घेतो, एक अत्यंत मंद कॉर्ड ऐकू येते आणि मग ‘डान्स ऑफ द अर्थ’चा स्फोट होतो. तिसऱ्या दिवशी दुसरा भाग. त्याची सुरुवात रात्रीसारखी शांत आहे. मुली वर्तुळात फिरतात, एक जण अडखळते, तीच निवडली जाते आणि त्या क्षणी वाद्यवृंद अकरा एकसारखे ठोके मारतो. ते मोजावेत, चुकणे शक्य नाही. शेवटच्या बलिनृत्यात मात्र मोजणी सोडून द्यावी : जवळजवळ प्रत्येक आवर्तनाची लांबी वेगळी आहे आणि स्वतः नर्तकांनाही ते अशक्यप्राय वाटत होते. म्हणून दियागिलेव्हने स्वित्झर्लंडच्या एमिल जाक-दालक्रोझच्या लयशिक्षण पद्धतीत तयार झालेल्या मारी राम्बेर हिला निजिन्स्कीच्या मदतीला नेमले होते.

नृत्य पाहण्यासाठी मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर यांनी जुनी रेखाटने, टिपणे व आठवणी जमवून केलेली पुनर्रचना निवडावी. जॉफ्री बॅलेने ती १९८७ मध्ये प्रथम सादर केली आणि पुढे मारिन्स्कीनेही स्वीकारली. तिच्यात काही जागा अनुमानाने भरलेल्या आहेत हे लक्षात ठेवावे. तरीही मुख्य गोष्ट स्वच्छ दिसते : पाय आत वळलेले, गुडघे वाकलेले, मुठी आवळलेल्या आणि उड्या वर जाण्यासाठी नसून जमिनीवर जोराने उतरण्यासाठी मारलेल्या. जी तरुणी मरणार आहे ती आपल्या नृत्याआधी बराच वेळ निश्चल उभी असते आणि तिच्याभोवती सारे थैमान चालते. मूळ प्रयोगात मारिया पिल्त्झने ही भूमिका केली होती. यानंतर मोरिस बेजार (१९५९) आणि रंगमंचावर माती पसरून केलेली पिना बाउश (१९७५) यांची नृत्ये पाहिली, तर तेच ठोके वेगळ्या शरीरांत कसे उतरतात ते कळते.

आणि तो गोंधळ? तो झाला, हे खरे आहे. सुरुवातीच्या संगीतालाच हशा सुरू झाला, आरडाओरड इतकी वाढली की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना आणि निजिन्स्की पडद्याआड खुर्चीवर चढून मात्रा ओरडत राहिला. माँतोने मात्र शेवटपर्यंत वाद्यवृंद थांबू दिला नाही. पण बऱ्याच आठवणी पुष्कळ वर्षांनी लिहिल्या गेल्या आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्या हंगामात पॅरिस आणि लंडन मिळून थोडे प्रयोग झाल्यावर निजिन्स्कीचे नृत्य बंद पडले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये तेच संगीत नृत्याशिवाय वाजवले गेले तेव्हा श्रोत्यांनी स्ट्राव्हिन्स्कीला खांद्यावर उचलून घेतले. या दोन घटना एकत्र ठेवल्या तर १९१३ च्या प्रेक्षकांना अधिक काय खटकले असावे, संगीत की आत वळलेले पाय, याचा विचार करता येतो. माझे मत पायांच्या बाजूने पडते.

सातवी पायरी : युद्धानंतर, आणि मुख्यतः ‘ले नोस’

महायुद्धानंतर दियागिलेव्हची मंडळी कमी खर्चाच्या, कोरड्या आणि चतुर कृतींकडे वळली. त्याची चाहूल युद्ध चालू असतानाच, १८ मे १९१७ च्या ‘पाराद’मध्ये लागली होती. कल्पना कवी कॉक्तोची, नृत्य मासीनचे, पिकासोचे पुठ्ठ्याचे घनवादी वेष आणि एरिक सातीच्या संगीतात टाइपरायटर, भोंगा व पिस्तूल. पंधरा-वीस मिनिटांत ते आटोपते आणि एकदा पाहणे पुरेसे आहे. १९२० चा ‘पुल्चिनेला’ ऐकायला अतिशय सुखद आहे. स्ट्राव्हिन्स्कीने त्यात अठराव्या शतकातील संगीत उचलून थोडे तिरके केले. ते सगळे पेर्गोलेसी या संगीतकाराचे आहे अशी त्या वेळी समजूत होती, परंतु त्यातील बरेच तुकडे इतरांचे निघाले.

वेळ द्यावा तो ‘ले नोस’ला. १३ जून १९२३ रोजी पॅरिसमध्ये आलेला हा बॅले निजिन्स्कीची बहीण ब्रोनिस्लावा निजिन्स्का हिने रचला आणि या काळातील सर्वांत थोर नृत्यरचना मी यालाच मानतो. रशियन खेड्यातील विवाहाची चार दृश्ये आहेत : वधूची वेणी, वराचे घर, वधूची पाठवणी आणि लग्नाची मेजवानी. स्ट्राव्हिन्स्कीने या संगीताच्या वाद्ययोजनेसाठी कित्येक वर्षे घालवली, यांत्रिक पियानोही वापरून पाहिले आणि अखेरीस चार पियानो, तालवाद्ये, चार एकल गायक व गायनवृंद यांवर तो थांबला. गायक कोणत्याही एका पात्राचे नसतात. वधूचे शब्द कधी एक आवाज म्हणतो, कधी दुसरा. त्यामुळे कोणी एक व्यक्ती दुःखी किंवा आनंदी आहे असे वाटतच नाही, सारे गावच एक विधी उरकत असते.

चित्रकार नातालिया गोंचारोव्हाने आधी रंगीबेरंगी वेष काढले होते. निजिन्स्काने ते नाकारून सर्वांना तपकिरी आणि पांढरे साधे कपडे दिले. नर्तकी चवड्यांवर उभ्या राहतात, पण हलके दिसण्यासाठी नव्हे. त्या पावलांनी जमीन टोचतात आणि त्यांची शरीरे रशियन धर्मचित्रांतील आकृतींप्रमाणे लांबट दिसतात. लांबलचक वेण्या सख्यांच्या हातांत दोरांसारख्या ताणलेल्या असतात. मग मुलींची डोकी एकावर एक रचून एक मनोरा उभा राहतो. मेजवानी रंगात येते तरी नवरा-नवरीला जवळजवळ काहीच नाचायला दिलेले नाही, याची नोंद वहीत करावी. १९६६ मध्ये रॉयल बॅलेसाठी निजिन्स्काने स्वतः हे नृत्य पुन्हा बसवले, त्यामुळे ‘राइट’च्या तुलनेत येथे आपण मूळ कृतीच्या बरेच जवळ असतो.

१९२८ चा ‘अपोलो’ ही या मार्गावरची शेवटची मोठी कृती आहे. फक्त तंतुवाद्ये, पांढरे वेष, एक देव आणि तीन कलादेवता. चोवीस वर्षांच्या जॉर्ज बॅलन्शीनने येथे पाय पुन्हा बाहेर वळवले, सममितीही परत आणली; मात्र कंबर हवी तिथे तिरकी केली आणि ठोक्यांशी असलेले नाते ‘राइट’नंतरचेच ठेवले. पुढे १९३३ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि तेथील बॅलेची परंपरा बहुतांशी त्याच्याच हातून घडली. पहिल्या पायरीवरील ‘रोज अडाजिओ’ या ठिकाणी पुन्हा पाहावा.

पुढे कुठे जावे

दियागिलेव्हच्या बाहेरही बरेच काही आहे. फर्नां लेजेच्या नेपथ्यासह स्वीडिश बॅलेने १९२३ मध्ये केलेल्या ‘ला क्रेआस्याँ द्यू माँद’साठी दारियुस मियोने जॅझच्या वळणाचे संगीत लिहिले. बार्तोकचा ‘द मिरॅक्युलस मँडरिन’ १९२६ मध्ये कोलोनला पहिल्या प्रयोगानंतर लगेच बंद करण्यात आला. बंदी घालणारे महापौर होते कोनराड आडेनाउअर, जे पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले. राव्हेलचा ‘बोलेरो’ सर्वांनी ऐकलेला असतो, पण तोही १९२८ मध्ये इदा रुबिन्स्टाइनच्या मंडळीसाठी लिहिलेला बॅले होता आणि नृत्यरचना निजिन्स्काची होती, हे फार थोड्यांना माहीत असते.

मुंबईत किंवा जवळपास राहणाऱ्यांनी नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमधील सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या हंगामांचे कार्यक्रमपत्रक पाहत राहावे. या संगीतकारांपैकी कोणाचीही कृती असली तर तिकीट काढावे, कारण ड्रमचा धक्का छातीला जाणवणे हेडफोनमध्ये होत नाही. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांना नृत्यासह वाद्यवृंद पाहण्याची संधी अधिक मिळते. तिकीट काढण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात : नृत्यरचना कोणाची आहे, आणि संगीत प्रत्यक्ष वाजणार आहे की ध्वनिमुद्रित. प्रत्यक्ष वाजणार असेल तर पुढच्या महागड्या रांगेपेक्षा वरच्या सज्जातील मधली जागा घ्यावी. तिथून समूहाची मांडणी आणि रंगमंचापुढील खड्ड्यात बसलेले वादक दोन्ही दिसतात आणि ‘ले नोस’ असेल तर चारही पियानोंवरचे हात मोजता येतात.